नऊ खणांची पंगत

"सातशे ऐंशी," मुंजाजीमामा म्हणाले.

"पुन्हा बघा."

त्यांनी पिलू टोपलीतून उचललं, काट्याची सुई शून्यावर येऊ दिली आणि पिलू परत ठेवलं. "सातशे ऐंशी. पायजेल तर तुमी बगा."

मी वाकून पाहिलं. सुई सातशे ऐंशीवरच होती. पिलू तांबड्या चिंधीच्या खणातलं होतं, आणि तांबड्या चिंधीच्या पिलानं चौथ्या आठवड्यात एवढं भरणं मला कुठेच बसवता येईना. सात दिवसांपूर्वी याच खणातली पिल्लं पावणेपाचशेच्या आसपास रखडत होती. मी दुसरं पिलू मागितलं, मग तिसरं. शेवटी त्या खणातली वीसच्या वीस पिल्लं मोजली. सगळ्यांनी उडी मारली होती.

"एकसारखी व्हायलेत बगा आता," मामा म्हणाले. सकाळपासून त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा होता. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वतःच हवेत होते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मराठवाड्यातल्या एका पशुवैद्यकीय कॉलेजात कोंबड्यांच्या खाद्यावर प्रबंध करत होते. तेलंगणाच्या हद्दीकडच्या काही गावांत एक तांबडी ज्वारी पिकायची. अंगानं काटक, कमी पाण्यावर येणारी, आणि चवीला इतकी तुरट की चिमण्यासुद्धा कणसाला तोंड लावत नसत. ज्या दाण्याला चिमण्या नाक मुरडतात तो मी कोंबड्यांना खाऊ घालायला निघाले होते, म्हणून वसतिगृहात माझी बरीच थट्टा व्हायची. पण त्या गावांत शंभर-दोनशे पक्षी पाळणारी घरं होती आणि मका त्यांना परवडत नव्हता. ज्वारी दारात होती. अडचण एवढीच की तिच्यातल्या तुरट द्रव्यामुळे, आम्ही त्याला टॅनिन म्हणतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. पिलू पोटभर खातं आणि तसंच हडकुळं राहतं. ज्वारी रात्रभर राखेच्या पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात वाळवली तर हा तुरटपणा उतरतो का आणि पिल्लं मक्याच्या बरोबरीनं वाढतात का, हे मला दाखवायचं होतं.

त्यासाठी शेडमध्ये एका ओळीत नऊ खण केले होते, मध्ये तारेची जाळी. प्रत्येक खणात वीस पिल्लं. तीन खणांना मक्याचं खाद्य, तीन खणांना कच्च्या तांबड्या ज्वारीचं, तीन खणांना राखेच्या पाण्यातून काढलेल्या ज्वारीचं. बाकी पेंड, क्षार वगैरे सगळं सारखं. कुठल्या खणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, त्यामुळे खुणेच्या चिंध्या, मक्याची पिवळी, कच्च्या ज्वारीची तांबडी, राखेतल्या ज्वारीची काळी, ओळीत कशाही शेजारी-शेजारी आल्या होत्या. खाद्याची तीन पिंपं, तीन बादल्या, आणि सकाळ-संध्याकाळ वाढायला मुंजाजीमामा. शेडवर पंचवीस वर्षं काढलेला माणूस. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं.

घाईही होती. माझे मार्गदर्शक डॉ. काझी एकतीस मे रोजी निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी येणारे सर मक्याचे माणूस. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की काझींच्या सहीनं प्रबंध गेला तर ठीक, नाहीतर माझ्याकडच्या यादीतला विषय घ्यावा लागेल. त्या यादीत ज्वारी नव्हती. म्हणजे एकतीस मेपर्यंत प्रबंध गेला नसता तर माझी दोन वर्षं आणि ती तांबडी ज्वारी दोन्ही बारगळणार होती.

त्या दिवशी तारीख तेरा एप्रिल होती. मी वही छातीशी धरून काझी सरांच्या खोलीत गेले.

"सर, पिल्लांना कच्ची ज्वारी सवयीनं पचायला लागते. चौथ्या आठवड्यात तांबडा गट वर आलाय."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडे पाहिले. सर बारीक चणीचे होते, आवाज त्याहून बारीक. "म्हणजे तीन आठवडे जमलं नाही आणि चौथ्या आठवड्यात कोंबडीला अक्कल आली?"

"सवय होत असेल सर."

"होत असेल. मग मक्याची पिल्लं मंदावली ती कशाच्या सवयीनं?"

ते मी पाहिलंच नव्हतं. पिवळ्या गटाची वाढ त्या आठवड्यात खरंच कमी पडली होती. मी म्हणाले, "ऊन वाढलंय सर."

"ऊन काय फक्त पिवळ्या चिंधीवर पडतं?" सरांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "टेकाळे, जाऊन खाद्याचं भांडं बघ. आकड्यांचं आपण नंतर बघू."

मी शेडवर परत आले आणि तांबड्या चिंधीच्या सातव्या खणात उकिडवी बसले. भांड्यात विटेच्या रंगाची भरड असायला हवी होती. तिच्यात मक्याचे पिवळे कण दिसत होते, आणि राखेच्या पाण्यातून काढलेल्या ज्वारीचे काळपट कणही. उठून शेजारच्या पिवळ्या खणात गेले. तेच. पुढच्या काळ्यात गेले. तेच. नऊही भांड्यांत एकच खाद्य होतं.

मामा नळाखाली पाण्याची भांडी घासत होते.

"मामा, हे काय आहे?"

त्यांनी माझ्या मुठीतली भरड पाहिली, हात धोतराला पुसले. "खाद्य."

"कुठल्या खणाचं?"

"समद्यांचं."

लपवाछपवी काही नव्हती. विचारलं तसं त्यांनी सांगून टाकलं. "मागलं वजन झालं ना, त्याच सांजच्याला केलं. ताडपत्री हातरली, तिन्ही पिंपांतलं काढलं, फावड्यानं एक केलं आन परत भरलं. तवापासून तेच घालायलोय."

"का?"

"ताई, म्या तुमाला इचारलं व्हतं. दुसऱ्या आठवड्यात. म्हणलं, ह्या तांबड्यावाल्यांच्या अंगी लागंना गेलंय, लेकरं मागं पडायलीत. तवा तुमी काय म्हणलात?"

मला आठवलं. वहीतून डोकंही वर न काढता मी म्हणाले होते, "पडू देत, तेच तर बघायचंय."

"मपल्या गावच्या सप्त्यात तीस वर्सं झाली वाढायलोय म्या," मामा म्हणाले. "हजार पान उठतंय. पाटील बसू दे नाहीतर सालगडी बसू दे, डाळीची बादली घेऊन निघालो की पहिल्याला जे तेच शेवटच्याला. आन इथं तुमी एका वळीत नऊ बसविले. मधी नुसती जाळी. ह्याचं ताट त्याला दिसतंय. ह्याला गोड, त्याला कडू. तीन आठवडे वाढलं तसं. मग न्हाई जमलं."

"मामा, त्या कोंबड्या आहेत."

"तेच की. माणूस असतं तर पंगतीतून उठून गेलं असतं. ह्येन्ला कुठं जाता येतंय?"

यानंतर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी दोन वर्षं, माझा प्रबंध, तुम्हाला काय कळतं, असं सगळं. आवाज चढला की मला थांबता येत नाही, अजूनही येत नाही. मामा बापाच्या वयाचे होते. ते खाली बघून ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "चुकलं असंल तर मला हिथून काढा. पर एका वळीत तीन बादल्या परत मला जमायच्या न्हाईत. खोटं कामून सांगू."

शेडपासून सरांच्या खोलीपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता होता. त्या दहा मिनिटांत माझ्या मनात जे आलं तेही सांगून टाकते. पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे निर्मळ होते. त्यांच्यावरून पुढचे तीन बसवणं अवघड नव्हतं, शाळकरी गणित होतं. मामा काही वही वाचायला येणार नव्हते. सरांच्या दारात पोचेपर्यंत मी पाचव्या आठवड्याचा सरासरी आकडा डोक्यात काढलासुद्धा होता.

सरांना मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "सर, तीन आठवडे तरी बरोबर आहेत. पुढचं..."

"पुढचं काय?"

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"काही नाही सर. मामांना शेडवरून काढा एवढंच."

सरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेजवळ जाऊन बोटानं दिवस मोजले. "बेचाळीस दिवसांचा प्रयोग. चार दिवसांत नवी पिल्लं आली तर एकोणतीस मेला शेवटचं वजन. एकतीसला मी सही करू शकतो. होतंय. पण मुंजाजीला काढलंस तर एप्रिल-मेच्या उन्हात एकशे ऐंशी पिल्लं जगवणार कोण? तू?"

 एक दिवसाचं पिलू कसं धरायचं तेसुद्धा मला मामांनी शिकवलं होतं.

सरांनी मामांना बोलावून घेतलं. मामा दारातच उभे राहिले.

"मुंजाजी, तीन बादल्या जमणार नाहीत म्हणे?"

"न्हाई सायेब. एका वळीत न्हाई."

"मग काय केलं तर जमेल?"

मामांनी दाराची चौकट बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "मधी पडदा टाका."

"पडदा?"

"गावात बी करत्यात की. पाव्हण्यांची पंगत वसरीत, घरच्यांची मागल्या दारी. तिकडं काय वाढलं ते हिकडं दिसत न्हाई, कुणाचं मन दुखत न्हाई. भेद एका पंगतीत नगं. पंगतच येगळी असली तर ज्येचं त्येचं. म्या एका खणात वाढीन, भाईर यीन, हात धुवीन, मग दुसऱ्यात जाईन."

सर हसायला लागले. इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आला. "टेकाळे, पुस्तकात हेच लिहिलंय. खणांमध्ये आडोसा हवा, एकाचं सांडलेलं खाद्य दुसऱ्याच्या तोंडी जाता कामा नये. आपण आळशासारखं जाळीवर भागवलं. मुंजाजी, लावा पडदे."

मला हसू आलं नाही. पण दुसरा उपायही नव्हता.

चार दिवसांत आठ पडदे झाले. रिकाम्या पोत्यांची तोंडं उसवून मामांनी ती दाभणानं एकमेकांना शिवली आणि खणाखणांमध्ये जमिनीपर्यंत ताणली. सतरा एप्रिलला पिल्लं आली. तीन पिंपं, तीन बादल्या पुन्हा सुरू झाल्या. पहिला आठवडाभर मी वाढायच्या वेळी राखणदारासारखी दारात उभी राहायचे. मामांनी तक्रार केली नाही. ठरल्याप्रमाणे एका खणात वाढायचे, बाहेर यायचे, नळावर हात धुवायचे, मग पुढच्या पडद्याआड जायचे. तांबड्या खणात त्यांना जरा जास्त वेळ लागायचा. एकदा पोत्याच्या फटीतून मी ऐकलं, ते पिल्लांना हळू आवाजात सांगत होते, "थोडे दिस रे बाबांनो. थोडेच दिस." खाद्य मात्र तोलून बरोबर तेच असायचं. मी रोज तपासत होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन चव्वेचाळीसवर गेलं आणि नेमकी त्याच दुपारी वीज गेली. पंखे थांबले. पिल्लं पंख पसरून, चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागली. मी नुसतीच इकडून तिकडे पळत होते.

"ताई, पळू नगा. बादली धरा," मामा म्हणाले.

त्यांनी आठही पडदे ओले केले. ते सुकले की पुन्हा ओले. मी नळावरून बादल्या वाहत होते आणि ते शिडीवर चढून पत्र्यावर टाकलेल्या कडब्यावर पाणी ओतत होते. पाच वाजता वीज आली तेव्हा आमच्या दोघांच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. तीन पिल्लं गेली. एक पिवळ्यातलं, एक तांबड्यातलं, एक काळ्यातलं. ते मामांनी मला मुद्दाम मोजून दाखवलं.

"बगा, ह्येनं बी भेद केला न्हाई," ते वर बघून म्हणाले.

शेजारच्या एका शेडमध्ये त्या दुपारी निम्मे पक्षी मेल्याचं नंतर कळलं. त्या दिवसापासून मी दारात उभी राहणं सोडलं. राग गेला होता असं नाही, पण तो धरून ठेवायला आता कष्ट पडायला लागले होते.

एकोणतीस मेला शेवटचं वजन झालं. मक्याची पिल्लं सरासरी सोळाशे ग्रॅम. राखेच्या पाण्यातली ज्वारी खाल्लेली साडेपंधराशे. कच्ची ज्वारी खाल्लेली जेमतेम बाराशे. मला हवं होतं ते अगदी स्वच्छ, कुणालाही दिसेल असं समोर आलं होतं. मी मामांना आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "चांगलं झालं," आणि आधी तांबड्या खणांकडे गेले. माझा प्रयोग संपला होता, आता त्यांना कुणी अडवणार नव्हतं. पिवळ्या पिंपातलं उरलंसुरलं खाद्य ते त्या पिल्लांपुढे ओतत होते. 

दुपारी मसुदा घेऊन सरांकडे गेले. खोलीत पुस्तकांचे गठ्ठे बांधून ठेवले होते, कपाटं उघडी होती. सरांनी खिडकीत बसून शेवटचं प्रकरण वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, आणि विचारलं, "पहिला प्रयोग कुठे आहे?"

"तो बिघडला ना सर."

"बिघडला म्हणजे झालाच नाही? एकशे ऐंशी पिल्लांनी अठ्ठावीस दिवस खाल्लं, तू चार वेळा वजनं घेतलीस. एक पान लिही. काय झालं ते लिही, आकडे दे, आणि टायपिंगला टाक. लपवलेला प्रयोग माझ्या सहीखाली नको."

मी शेडवर आले, मेज ओढलं आणि तोंड वाकडं करून लिहायला बसले. पहिलं वाक्य लगेच सुचलं. "कामगाराच्या चुकीमुळे तिन्ही गटांचे खाद्य एकत्र झाले व प्रयोग रद्द करावा लागला." वाचायला बरं वाटलं. चूक जिथली तिथे बसली होती. मग खाली तक्ता आखला आणि जुन्या वहीतून चौथ्या आठवड्याची वाढ उतरवायला लागले. पिवळी चिंधी, सात दिवसांत दोनशे चाळीस ग्रॅम. काळी, दोनशे पन्नास. तांबडी, तीनशे दहा.

पेन तिथेच थांबलं.

त्या सात दिवसांत कच्ची ज्वारी सगळ्यांच्याच पोटात जात होती. मक्यावर पोसलेल्या पिल्लांच्याही. ती थोडी मंदावली होती, पण हडकली नव्हती. आणि तीन आठवडे उपाशी असल्यासारखी राहिलेली तांबडी पिल्लं तेच मिसळलेलं खाऊन उठली होती. त्या हद्दीकडच्या गावांत गेले की बायका मला दर वेळी एकच गोष्ट विचारायच्या. राख करा, भिजवा, धुवा, वाळवा, एवढा वेळ कुणाला आहे? तशीच घातली तर किती चालेल ते सांगा. दोन वर्षं मी त्यांना "बघून सांगते" म्हणत आले होते. उत्तर माझ्या वहीत दीड महिना पडून होतं, आणि त्यावर मी आत्ताच चूक म्हणून लिहिलं होतं.

पण किती? हातानं, फावड्यानं मिसळलेलं. त्याला प्रमाण काय असणार?

"मामा, जरा इकडे या."

ते आले.

"तुम्ही त्या दिवशी तिन्ही खाद्यं मिसळलीत ना, ती किती-किती घेतली होती?"

त्यांचा चेहरा पडला. "आता ते कशाला काढायलात ताई? झालं की समदं."

"रागावत नाही. पिंपात जे होतं ते सरसकट ओतलं का?"

"सरसकट कसं?" मामांना माझा प्रश्नच अडाणी वाटला. "तांबड्याचं पिंप जास्त भरलेलं व्हतं, एवढाली बारकी लेकरं खाऊन किती खाणार. तसंच वतलं असतं तर समद्यांच्या ताटात कडूच जास्त झालं असतं. पाटीनं मोजलं. पिवळ्याची एक पाटी, तांबड्याची एक, काळ्याची एक. अशा धा-धा. तांबडं उरलं ते पोत्यात भरून ठिवलं."

"मोजून?"

"मोजून न्हाई तर काय. डोळ्यानं केलं की कुणावर तरी अन्याव व्हतोच."

पाटी तीच होती, कोपऱ्यात टांगलेली. उरलेल्या तांबड्या खाद्याचं पोतंही कोठीत तसंच शिवलेलं होतं. मी पाटी भरून तिन्ही खाद्यं तोलली, पोतं तोललं आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं. दोन-चार किलोंचा फरक सोडला तर सगळं जुळत होतं. नऊही खणांना तिन्ही खाद्यं एकास एक मिळाली होती, इतकी बरोबर की मी स्वतः मिसळलं असतं तर झाली नसती. मी कोठीच्या उंबऱ्यावर बसले. आपण या माणसाला काय काय बोललो ते एकेक आठवत होतं.

"मामा, मी तेव्हा तुम्हाला फार बोलले."

"बोललात," ते म्हणाले. "मपली धाकली बी अशीच हाय."

सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, सात दिवसांवरून सिद्ध काही होत नाही, पण नोंद कर, पुढे कुणीतरी नीट करून बघेल. ते कुणीतरी मीच निघाले. दोन वर्षांनी पूर्ण बेचाळीस दिवसांचा वेगळा प्रयोग केला आणि एक तृतीयांश कच्ची ज्वारी आमच्या पिल्लांनी निभावून नेली. गंमत अशी की राखेच्या पाण्याची माझी कृती, जिच्यावर मला पदवी मिळाली, ती त्या गावांत फारशी कुणी केली नाही. हळूहळू घरोघर गॅस आला, चुली गेल्या, राख आणायची कुठून? पण तीन पाट्यांत एक पाटी ज्वारीची, हे बायकांनी ऐकल्याबरोबर उचललं. परवा एका बाईनं मलाच ते समजावून सांगितलं, तिच्या आजेसासूपासून चालत आलंय म्हणून. मी मान डोलावली.

पण मला सांगायची आहे ती तीस मेची सकाळ. टाइप केलेलं पान हातात होतं, सरांची सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती. मी आधी शेडवर गेले. मामा पडदे सोडवून घड्या घालत होते.

"मामा, त्या दिवसाचं पुस्तकात आलंय."

ते ताठ उभे राहिले. "मपली चूक लिवली का?"

"काल लिहिली होती. टायपिंगला देताना खोडली."

"मग काय लिवलं?"

मी पान त्यांच्यापुढे धरलं. ते चौथीपर्यंत शिकलेले होते, पण टाइपची अक्षरं बारीक होती, म्हणून मी बोट ठेवून वाचलं. "हा पहिला गट, मका. दुसरा, कच्ची ज्वारी. तिसरा, राखेच्या पाण्यातली. आणि हा चौथा गट, तिन्ही खाद्यं समान मोजून एकत्र."

मामांनी ओला हात सदऱ्याला पुसला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. 

"पर ताई, चिंध्या तर तीनच व्हत्या. ह्या चौथ्या गटात कोण व्हतं?"

"सगळेच होते, मामा."

त्यांनी बोट उचललं. "मग बराबर हाय," म्हणाले आणि पुढचा पडदा सोडवायला गेले.